सोमवार, पावणेनऊ

अंबडच्या आमच्या कारखान्यात मीटिंग
नेहमी आकड्यांनी सुरू व्हायची.
रिजेक्शन किती. का. कोणामुळे.
तिसऱ्या प्रश्नाला सगळे टेबलाकडे बघायचे.
टेबलावर सनमायका आहे, खोट्या लाकडाचा,
त्यातली प्रत्येक रेघ मला पाठ आहे.

मग मुख्य कचेरीतून ऋजुता चांदवडकर आल्या,
म्हणाल्या, आधी जरा बर्फ फोडू या.
स्टोअरचा इलियास पिंजारी माझ्या कानात:
"एसी अठरावर अडकलाय, त्याचंच म्हणतायत का?"

पहिल्या सोमवारी दोन गोष्टी खऱ्या, एक खोटी.
अकाउंट्सच्या सहस्रबुद्ध्यांनी तिन्ही खऱ्या सांगितल्या,
म्हणाले, सध्या ऑडिट चालू आहे.
दुसऱ्या सोमवारी कागदाचा बोळा,
ज्याच्या हातात येईल त्यानं बोलायचं.
बोळा खिडकीपाशी पडला. तिथंच राहिला.
कोणी उचलला नाही. मीसुद्धा.

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.
बावीस वर्षं मी हा बर्फ सांभाळलाय,
रसवंतीवाला सांभाळतो तसा,
गोणपाटात, भुशात, ऊन लागू न देता.
वितळला तर पाणी कोणी पुसायचं?

तिसरा सोमवार, जानेवारीतला.
"तुम्ही फळ असतात तर कोणतं?"
नाशिक आहे. डोकं चालवायची गरज कोणाला?
द्राक्ष. द्राक्ष. द्राक्ष.
इलियास म्हणाला, "बेदाणा. वय बघा माझं."
एवढ्यावर हसलो सगळे,
पेंट शॉपच्या वत्सला जगताप तर ठसका लागेपर्यंत,
आणि त्या ठसक्यानं जागा झाला
कैलास बोरगुडे, दोन नंबरच्या प्रेसवरचा,
तीन आठवडे कोपऱ्यात पेंगणारा.

"काय विचारलं मॅडम?"
फळ.
"द्राक्ष सोडून कायपण."
पुन्हा हसलो. तो हसला नाही.

"निफाडला पारा चारावर आलाय.
मणी तडकतो थंडीनं.
रात्री दोनला उठून बागेत शेकोट्या लावतो,
भाऊ त्या टोकाला, मी या टोकाला,
मधे नुसता धूर.
आवाज देत राहतो एकमेकाला, डोळा लागू नये म्हणून.
पहाटे मोटर चालू करून पाणी सोडायचं,
मग आंघोळ, मग गाडी, मग इथं.
फळ व्हायचंच तर... सीताफळ.
डोंगरात असतंय. त्याच्यासाठी कोणी जागत नाही."

कोणी बोललं नाही.
पण टेबलाकडेही कोणी बघत नव्हतं.

माझ्या फायलीत त्याच्या नावाचं पत्र होतं.
कामातील हलगर्जी.
शनिवारीच टाइप केलेलं, सही बाकी.
दोन नंबरचं रिजेक्शन साडेसहा टक्के,
तो आकडा खोटा नव्हता, आजही नाही.

वत्सलाबाई म्हणाल्या,
"तोवर दुसरी पाळी मागायचीस की रे. विचारलंस का कधी?"
"विचारायचं कधी, ताई?
इथं तर उत्तरंच द्यायची असतात."

मी फाइल मिटली.
पत्र फाडलं नाही, तसलं काही मी करत नाही.
पाळीच्या तक्त्यात त्याचं नाव खोडलं,
खालच्या रकान्यात लिहिलं. पेन्सिलीनं.
मग रिजेक्शनवर आलो. पंचवीस मिनिटं उशिरा,
आणि पहिल्यांदाच कोणीतरी न विचारता सांगितलं
की दोन नंबरची डाय मुळातच झिजलीय,
दिवाळीपासून.

निघताना चांदवडकर म्हणाल्या,
पुढच्या सोमवारचा प्रश्न तुम्ही आणा, सर.

आज रविवार, रात्रीचे साडेबारा.
तीन प्रश्न लिहिले, तिन्ही खोडले.
पाथर्डी फाट्याच्या गॅलरीतून निफाड दिसत नाही,
मधे सगळं शहर आहे.
तरी स्वेटर घालून उभा आहे
पूर्वेकडे तोंड करून,
धुराचा वास येतो का बघत.